झाकणारा पिवळा

दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूच्या ज्या राशी पडतात त्या पाहणाऱ्यास, निसर्गाने हात न आखडता वाटलेला रंग कोणता असेल तर तो पिवळाच, असे वाटल्यास नवल नाही. आणि हळद ज्या घरांत स्वयंपाकाच्या डब्यापासून देव्हाऱ्यापर्यंत सर्वत्र संचार करते, त्या घरांत पिवळ्या रंगाचा तुटवडा कधी काळी पडला असेल ही कल्पनाही प्रथमदर्शनी विपरीत भासते. तथापि चित्रकार, मूर्तिकार आणि दारे-भिंती रंगविणारा कारागीर यांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. झेंडूचा पिवळा फुलाबरोबर सुकतो. हळदीने रंगविलेले वस्त्र चार दिवस उन्हात वाळत घातले की त्याची कांती उतरते. निसर्गातील बहुतेक पिवळी द्रव्ये ही अशी क्षणजीवी असल्यामुळे, उन्हात न विटणारा, पाण्यात व तेलात न विरघळणारा आणि खालचा पृष्ठभाग पुरता झाकून टाकणारा पिवळा मिळविण्यासाठी मनुष्याला खाणींपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून रसायनशाळेपर्यंत हिंडावे लागले. शेवटी तो त्यास मिळाला, पण एका अटीवर. जो चांगला झाकतो तो विषारी, आणि जो निरुपद्रवी तो नीट झाकत नाही, ही ती अट होय. आणि गेल्या दोनशे वर्षांचा पिवळ्या रंगाचा इतिहास म्हणजे या अटीतून सुटण्याच्या खटपटीचाच इतिहास आहे.

जुन्या काळच्या कारागिराजवळ तीनच पिवळे होते असे म्हणावयास हरकत नाही. पहिला म्हणजे पिवळी माती, लोहाच्या गंजाने रंगलेली. ती स्वस्त, टिकाऊ आणि निरुपद्रवी खरी, परंतु तिचा रंग मंद, मातकट, पीतांबराला न शोभणारा. दुसरा हरताळ. हे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग असून पोथीत चुकलेले अक्षर झाकण्यास लेखनिक त्याचाच लेप देत, यावरून त्याच्या झाकण्याच्या शक्तीची कल्पना यावी. पण आर्सेनिक म्हणजे सोमलाचे मूळ, हे सांगितले की त्याचे दुसरे अंगही ध्यानात येते. तिसऱ्याची कथा विलक्षण आहे. बिहारातील मुंगेर शहराच्या मिर्झापूर नावाच्या उपनगरात काही गवळी आपल्या गाईंना केवळ आंब्याची पाने व पाणी यांवर ठेवीत, आणि त्यांचे मूत्र आटवून, गाळून, त्याच्या साक्याचे गोळे कलकत्ता व पाटणा येथील व्यापाऱ्यांस विकीत, असा वृत्तान्त त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी 1883 साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सला लिहून पाठविला. युरोपातील चित्रकार हाच रंग ‘इंडियन यलो’ या नावाने मोठ्या हौसेने वापरीत. पुढे कित्येक वर्षे ही कथा बनावट असल्याचा संशय विद्वानांनी घेतला. अलीकडे क्यू उद्यानाच्या संग्रहात जपून ठेवलेल्या नमुन्यांचे पृथक्करण झाले तेव्हा मुखर्जींच्या सांगण्यास पुष्टीच मिळाली. बिचाऱ्या गाईंची त्या आहारावर जी दशा होत असे तिचे वर्णनही त्यांनी केले आहे, आणि ते वाचल्यावर हा रंग बाजारातून नाहीसा झाला याचे दुःख वाटत नाही.

या परिस्थितीत पालट झाला तो एका फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून. सैबेरियाच्या बाजूस, उरल पर्वतातील खाणींत, नारिंगी-तांबड्या स्फटिकांचे एक शिशाचे खनिज सापडत असे. 1797 साली लुई निकोला व्होकलँ याने पॅरिसमध्ये त्याचे पृथक्करण केले असता त्यात तोपर्यंत अज्ञात असलेली एक धातू असल्याचे त्याच्या निदर्शनास आले. ती क्रोमियम होय. या धातूची संयुगे हिरव्या, तांबड्या, नारिंगी अशा नाना रंगांची निघतात, आणि क्रोमियमच्या एका क्षाराचे पिवळसर द्रावण शिशाच्या क्षाराच्या रंगहीन द्रावणात ओतले की तत्काळ भांड्याच्या तळाशी झगझगीत पिवळा साका बसतो, हेही त्याच्याच लक्षात आले. हा साका म्हणजे लेड क्रोमेट, बाजारातील क्रोम यलो. व्होकलँने त्याच्या रंगकामातील उपयोगाचा निर्देश एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच केला होता. पण कच्चा माल दुर्मिळ, म्हणून किंमत अफाट. पुढे फ्रान्सात व अमेरिकेत क्रोमाइट नावाचे सामान्य खनिज विपुल सापडू लागले आणि रंग स्वस्त झाला. आपल्या देशात हे खनिज मुख्यत्वे ओडिशातील सुकिंदा येथे निघते; अल्प प्रमाणात ते कणकवलीच्या बाजूसही आहे, ही गोष्ट गिरणगावातल्या कोकणी मंडळींस कदाचित नवी वाटेल.

लेड क्रोमेटची खरी गंमत त्याच्या तऱ्हांत आहे. द्रव्य एकच, परंतु साका बसतेवेळी द्रावण आम्लधर्मी की अल्कधर्मी, थंड की ऊन, आणि त्यात सल्फेटचा अंश किती, यांवर त्याची छटा ठरते. शिशाचे सल्फेट सोबत बसू दिले की लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा मिळतो. शुद्ध क्रोमेट बसविले की भरदार मधला पिवळा. आणि अल्क वाढविला की नारिंगी. रंगाच्या दुकानांत लेमन क्रोम, मिडल क्रोम, ऑरेंज क्रोम अशी जी नावे ऐकू येतात ती याच एका कुळातील भावंडांची आहेत. साका बसला की तो गाळावयाचा, पुनःपुन्हा धुवावयाचा, वाळवावयाचा व दळावयाचा, इतकीच काय ती कृती. इतक्या थोड्या खटपटीत इतका दैदीप्यमान रंग मिळावा, आणि तोही मातीमोलाने, हे पाहून एकोणिसावे शतक त्याच्यावर लुब्ध झाले यात काय आश्चर्य? रंगीत छपाईच्या शायांत, रेल्वेच्या डब्यांवर, खेळण्यांवर, गाड्यांच्या चाकांवर, सर्वत्र त्याचाच अंमल बसला.

मुंबईत या अंमलाचे प्रसिद्ध ठाणे गिरगावात होते. 1894 साली राजा रविवर्मा यांनी आपला शिळाछापखाना गिरगावात सुरू केला. यंत्रे जर्मनीहून आली आणि कारागीरही तेथलेच आणले गेले. छापखाना पुढे घाटकोपरला व तेथून लोणावळ्याजवळच्या मळवलीस हलला हा भाग वेगळा. पण लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांच्या ज्या रंगीत तसबिरी महाराष्ट्राच्या घराघरांतून देव्हाऱ्याशेजारी टांगल्या गेल्या, त्यांचा आरंभ या वस्तीत झाला. शिळाछापात प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो आणि एकावर एक रंग चढवून चित्र पुरे होते. त्या काळच्या शायांत पिवळा म्हटला की साधारणतः क्रोमच असे, आणि क्रोम खालचे सारे झाकून टाकीत असल्यामुळे पिवळा दगड आरंभीच छापून घेण्याची छापखान्यांत रीत होती; तो मागाहून आला असता तर निळ्या-तांबड्यावर पडदा पडून देवीच्या मुद्रेचे वाटोळे झाले असते. छपाईस जे झाकणे अडचणीचे, तेच दार रंगविणाऱ्यास वरदान. ही गोष्ट पुढेही उपयोगी पडणार आहे.

आता हे झाकणे म्हणजे काय, याचा उलगडा करणे अवश्य आहे. रंगाचा कण स्वतः कितीही पिवळा असला तरी खालचा काळा पत्रा त्याने दिसू देऊ नये यासाठी प्रकाशाला अडवून परत फिरविण्याचे सामर्थ्य त्यात हवे, आणि हे सामर्थ्य कण व त्याभोवतीचे तेल यांच्या वक्रीभवनांकांतील अंतरावर अवलंबून असते. मलमलीचा सदरा कोरडा असताना अंग झाकतो आणि पावसात भिजला की पारदर्शक होतो, कारण सुताचा व हवेचा वक्रीभवनांक दूरचा असून सुताचा व पाण्याचा पुष्कळ जवळचा आहे. जवसाच्या तेलाचा अंक साधारण 1.48, क्रोम यलोचा 2.3 च्या वर. अंतर एवढे मोठे असल्याने प्रकाश प्रत्येक कणाशी वळतो, फुटतो व माघारी येतो, आणि रंगाऱ्याचे दोन हात मारून झाले की खाली काय होते याचा मागमूस उरत नाही. काळ्या टॅक्सीच्या छपरावर पिवळा चढविणे ही या गुणाची खरी परीक्षा होय.

परंतु या गुणवान रंगाच्या अंगी दोष तीन, आणि तिसरा भयंकर. पहिला असा की सडक्या अंड्याच्या वासाचा जो वायू उघड्या नाल्यांतून निघतो, त्याच्याशी शिशाची गाठ पडली की काळे सल्फाइड बनते आणि रंग मळकट होत जातो. दुसरा दोष प्रकाशाचा. व्हॅन गॉगने 1888 व 1889 साली रंगविलेल्या सूर्यफुलांत क्रोम यलोचा सढळ उपयोग आहे. त्याच्या चित्रांतील पिवळा ठिकठिकाणी तपकिरी होत चालल्याचे दिसल्यावरून 2011 च्या सुमारास युरोपीय संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शोध केला, तेव्हा प्रकाशामुळे क्रोमियमची अवस्था पालटून पृष्ठभागी हिरवट संयुगे तयार होतात असे आढळून आले. सल्फेट मिसळलेल्या फिक्या लेमन क्रोममध्ये हा विकार अधिक. तिसरा दोष विषाचा. शिसे लहान मुलांच्या मेंदूस घातक असते आणि सहाव्या अवस्थेतील क्रोमियम कर्करोगकारक; एकाच द्रव्यात दोहोंची युती झालेली. रंग भिंतीवर शाबूत आहे तोवर त्याचा फारसा उपसर्ग नाही हे खरे. पण पोपडे सुटू लागले, जुना रंग घासून काढला, किंवा खिडकीच्या गजाला रांगते मूल तोंड लावू लागले की प्रश्न उभा राहतो.

या अटीतून सुटण्याची पहिली वाट डांबराच्या बाजूने निघाली. दगडी कोळशापासून वायू काढल्यावर उरणाऱ्या डांबरातून 1856 साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने जांभळा रंग मिळविला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी पेटर ग्रीस या जर्मन रसायनज्ञाने डायझो संयुगांचा शोध लावला. ग्रीसचे नाव पर्किनइतके कोणी घेत नाही, हा रंगरसायनाच्या इतिहासातील एक अन्याय समजावा; कारण जगातील कृत्रिम रंगांचा फार मोठा भाग आजही त्याच्या क्रियेने तयार होतो. त्याच क्रियेने 1909 साली जर्मनीत हेर्मान वाग्नर याने एक नवे पिवळे रंगद्रव्य सिद्ध केले आणि फ्रँकफुर्टजवळच्या हेक्स्ट येथील प्रसिद्ध कारखान्याच्या ‘हान्सा यलो’ या नावाने ते जगभर गेले. त्याच्या एका रेणूत कार्बनचे 17, हायड्रोजनचे 16, नायट्रोजनचे 4 व ऑक्सिजनचे 4 अणू असतात. शिसे नाही, क्रोमियम नाही, आर्सेनिक नाही. कोणतीही धातूच नाही.

हा पिवळा कसा करतात ते पाहण्यासारखे आहे. टोल्युइडीनचे एक नायट्रोयुक्त रूप हायड्रोक्लोरिक आम्लात कालवून त्या पिंपात बर्फ टाकतात, कारण पुढची क्रिया शून्य ते पाच अंशांच्या दरम्यानच सुखरूप पार पडते. मग सोडियम नायट्राइटचे द्रावण हळूहळू सोडले की ग्रीसचे डायझो संयुग तयार होते. हे संयुग अत्यंत उतावळे. उष्णता मिळाली तर नायट्रोजन वायू सोडून फुकट जाणारे, आणि कोरडे झाले तर स्फोटाचे भय. म्हणून त्याला फार वेळ ठेवीत नाहीत. दुसऱ्या पिंपात ॲसिटोॲसेटॅनिलाइड नावाचे द्रव्य सौम्य आम्लधर्मी पाण्यात तयार ठेवलेले असते; पहिले द्रावण त्यात सोडू लागताच दोहोंचे मीलन होऊन सगळे पिंप घटकेत पिवळ्या राबडीने भरून जाते. कामगार या पायरीला कपलिंग म्हणतात. पुढे राबडी तापवून कणांचा आकार सारखा करावयाचा, फिल्टर प्रेसमध्ये गाळून तिचे थर काढावयाचे, धुवावयाचे, सुकवून दळावयाचे. दोन द्रव्यांपैकी एखाद्यातला एक अणुगट बदलला की छटा बदलते: क्लोरिनचे दोन अणू बसविले तर किंचित हिरवट झाक असलेला लिंबू-पिवळा येतो आणि तो उन्हातही अधिक तग धरतो. सूर्यप्रकाशातील जांभळा व निळा भाग हा रेणू गिळतो आणि उरलेला परत करतो, म्हणून आपल्याला पिवळा दिसतो. आणि रेणूच्या पोटातच हायड्रोजनचे जे बंध पडलेले असतात ते त्याला आवळून धरीत असल्यामुळे तो सहजी विरघळत नाही की विटत नाही.

न विरघळणे, या एका गोष्टीत रंगद्रव्य आणि रंजक यांचा भेद सामावला आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांतून कापड रंगविण्यास जे लागत असे ते रंजक, म्हणजे पाण्यात उतरून सुताच्या अंगात शिरणारे. चित्राला, दाराला, मूर्तीला लागते ते रंगद्रव्य, म्हणजे कणरूपानेच राहून तेलाच्या किंवा डिंकाच्या आधाराने पृष्ठभागावर चिकटणारे. दोहोंचे आईबाप पुष्कळदा एकच असतात, आणि मुंबईला या विद्येची निकड लागली ती गिरण्यांमुळे. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे रंग बंद पडून भाव आकाशाला भिडले तेव्हाच परावलंबनाचा धडा मिळाला होता. 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला तो मुख्यतः कापडधंद्याची गरज ओळखून. दादरच्या शेजारी माटुंग्यास तो स्थिरावला आणि ‘यूडीसीटी’ या नावाने देशभर ख्याती पावला. 1938 पासून त्याचे संचालक असलेले डॉ. के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांच्या रसायनावरील द्विखंडी इंग्रजी ग्रंथ 1952 साली न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला आणि जगातील रंगरसायनज्ञांनी तो प्रमाण मानला. ज्या विषयाची मक्तेदारी जर्मनांकडे होती त्या विषयाचा आधारग्रंथ माटुंग्याहून लिहिला जावा, ही घटना मराठी वाचकांच्या कानी जितकी पडावयास हवी होती तितकी पडलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक दार उघडले. रंगांची आयात सरकारने रोखून धरली होती आणि बाजारात विलायती कंपन्या व एखाददुसरी देशी पेढी एवढेच उरले होते. 1942 च्या फेब्रुवारीत चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोकसी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चार मित्रांनी गिरगावातील गायवाडीत एका गॅरेजमध्ये रंग बनविण्यास आरंभ केला; टेलिफोनच्या डिरेक्टरीतून उचललेले ‘एशियन’ हे नाव पुढे केवढे मोठे झाले ते सांगावयास नको. शहरातील बड्या दुकानांनी दाद दिली नाही म्हणून त्यांनी खेड्यांकडे मोहरा वळविला. पोळ्याला बैलांची शिंगे रंगविण्यासाठी शेतकऱ्यास बोटभर रंग हवा असतो आणि दुकानदार त्यास मोठा डबा दाखवितो, हे ओळखून त्यांनी लहान लहान डब्यांत भडक रंग विकण्यास काढले, असे या पेढीच्या आरंभकाळाविषयी सांगतात. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली हातात ब्रश घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ काढून दिला तो याच पेढीसाठी.

चित्रकारांच्या रंगनळ्यांची हकीकत याहून निराळी. दि. प. दांडेकर व गो. प. दांडेकर या बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेला धंदा ‘कॅमल’ शाईने नावारूपास आला. ग्लासगोहून रंगरसायनाचे शिक्षण घेऊन आलेले सुभाष दांडेकर यांनी त्यात चित्रकलेच्या साहित्याची भर घातली, आणि विलायती नळ्यांवाचून ज्यांचे अडे त्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांपासून म्युनिसिपालिटीच्या शाळेतील पोरापर्यंत सर्वांच्या हाती देशी रंग आला. नळ्यांवरील नावे मात्र सावधगिरीने वाचावीत. आज ‘इंडियन यलो’ लिहिलेल्या नळीत गाईचा काही संबंध नसतो आणि ‘क्रोम यलो ह्यू’ लिहिलेल्या नळीत क्रोमियम नसते. दोहोंत बहुधा ग्रीस-वाग्नरांच्या कुळातील एखादे कृत्रिम द्रव्य असते. खरा दाखला हवा असेल तर नळीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक पाहावा: पी. वाय. 34 म्हणजे खरा क्रोम, पी. वाय. 1 म्हणजे मूळचा हान्सा, पी. वाय. 3 म्हणजे त्याचा हिरवट भाऊ, आणि पी. वाय. 74 म्हणजे भिंतीच्या रंगांत सांप्रत ज्याचा बोलबाला आहे तो. ज्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आपण कौतुकाने न्याहाळतो त्यांचा पिवळा याच गोताचा, पण दुहेरी रेणूचा असतो; तो पारदर्शक असल्यामुळे निळ्यावर पडला तरी निळ्यास झाकीत नाही, त्याच्याशी मिळून हिरवा देतो. रविवर्म्यांच्या छापखान्यातील अडचण अशी कायमची मिटली.

आणि येथेच ती जुनी अट पुन्हा डोके वर काढते. हान्साचा वक्रीभवनांक तेलाच्या अंकाच्या बराच जवळ, त्यामुळे तो झाकत नाही. शिवाय पुष्कळ पांढऱ्यात मिसळला तर उन्हात फिका पडतो, आणि काही द्रावकांत थोडा विरघळत असल्याने वर मारलेल्या हातातून झिरपून डाग पाडतो. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांतील कारागिरांना हे रसायनशास्त्र कोणी शिकविले नाही, परंतु त्यांची कामाची रीत ते जाणते. मूर्ती शाडूची असो की प्लास्टरची, तिच्यावर प्रथम पांढरे अस्तर चढते, आणि पीतांबराचा पिवळा त्या अस्तरावर येतो. प्रकाश पिवळ्या थरातून पार जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून पुन्हा त्याच थरातून बाहेर पडतो, आणि दोनदा गाळला गेल्याने अधिकच तेजस्वी दिसतो. झाकण्याचे काम पांढऱ्याने करावे आणि शोभेचे पिवळ्याने, अशी ही श्रमविभागणी. पीतांबराला जी आतून उजळल्यासारखी झळाळी येते तिचे श्रेय अर्ध्याहून अधिक अस्तराला आहे. विसर्जनाच्या पाण्यात शिसे व क्रोमियम उतरू नये म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 साली सूचना काढल्या व 2020 साली त्या सुधारून विषारी रंगांस मनाई केली. बंदोबस्त किती चोख होतो हा प्रश्न निराळा, पण अस्तराची रीत जाणणाऱ्या कारागिराचे क्रोमवाचून फारसे अडावयाचे कारण नाही.

घरांच्या रंगाबाबत सरकारने 2016 च्या 1 नोव्हेंबरला नियम प्रसिद्ध केले आणि एक वर्षाच्या मुदतीनंतर ते अमलात आले. घरगुती व शोभेच्या रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असता कामा नये, असा त्यांचा दंडक आहे. लेड क्रोमेटच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसेच असते हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमाने घरांच्या रंगातून क्रोमला हद्दपार केले हे वेगळे सांगावयास नको. औद्योगिक रंग मात्र या नियमाच्या कक्षेबाहेर राहिले. ही पळवाट होय असे माझे मत आहे, कारण कारखान्यासाठी म्हणून निघालेला डबा चाळीतल्या लोखंडी कठड्यावर खाली होणारच नाही याची हमी कोण देणार? याहून संतापजनक प्रकार हळदीचा. जुनी, किडकी हळकुंडे चकचकीत दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळण्याचा पाजीपणा दक्षिण आशियात पुनःपुन्हा उघडकीस आला आहे. जो रंग झाकण्यात पटाईत तो कीडही झाकतो.

रंगद्रव्यांच्या धंद्याची एक उलटापालट येथे नमूद केली पाहिजे. हान्साचे माहेर असलेल्या हेक्स्ट आणि बायर या जर्मन कंपन्यांच्या सहकार्याने 1956 साली कलर-केम ही कंपनी स्थापन झाली आणि ठाण्यास तिचा कारखाना उभा राहिला. ज्ञान तिकडचे, मजूर इकडचे, अशी ती व्यवस्था. 1997 साली हेक्स्टचा हा विभाग क्लॅरिअंट या स्विस कंपनीकडे गेला, 2022 साली तेथून हॉयबाख या जर्मन समूहाकडे. आणि तो समूह दिवाळखोरीत निघाल्यावर 1951 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीजने 2025 च्या मार्चमध्ये त्याचा जगभरचा कारभार ताब्यात घेतला. वाग्नरच्या पिवळ्याची गादी अशी रोह्यास कारखाना असलेल्या एका मराठी मुलुखातल्या पेढीकडे आली. वृत्तपत्रांनी ही बातमी शेअरबाजाराच्या पानावर छापली.

झाकणारा आणि निरुपद्रवी, असे दोन्ही गुण एकवटलेला पिवळा आता उपलब्ध नाही असे नाही. बिस्मथ व्हॅनाडेट हे त्याचे नाव. बिस्मथ आणि व्हॅनेडियम या दोन धातूंचे हे हिरवट-पिवळे संयुग 1980 च्या दशकापासून बाजारात आले असून झाकण्यात ते क्रोमच्या जवळपास पोहोचते. परंतु किंमत कित्येक पट. म्हणून रंग कालविणारे रसायनज्ञ त्याची चिमूट, 74 क्रमांकाचा सेंद्रिय पिवळा आणि टायटॅनियमचा पांढरा यांचा मेळ घालून शिशाविना पिवळा डबा भरतात, आणि स्वस्त डब्यात ती चिमूट अधिकच लहान होते. परिणामी जेथे पूर्वी दोन हातांत काम भागत असे तेथे पिवळ्याला आता तिसरा हात मारावा लागतो, आणि त्या तिसऱ्या हाताची मजुरी ठरल्या रकमेत धरावयाची की वेगळी द्यावयाची, यावरून रंगारी आणि घरमालक यांची दिवाळीच्या तोंडावर हुज्जत जुंपते.